अंतर्गोल आरसा आणि प्रतिमेचा प्रश्न : दाहक आरशापासून वास्तव प्रतिमेपर्यंत

प्रास्ताविक

माध्यमिक शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात अंतर्गोल आरशाचे प्रकरण बहुधा एका तक्त्याने संपते. वस्तू अनंत अंतरावर, वक्रता केंद्राच्या पलीकडे, वक्रता केंद्रावर, वक्रता केंद्र आणि नाभी यांच्या दरम्यान, नाभीवर, आणि नाभी व आरसा यांच्या दरम्यान अशा सहा स्थिती घेतल्या जातात. प्रत्येक स्थितीत प्रतिमा कोठे मिळते, केवढी मिळते, सुलट की उलट हे समोर लिहिलेले असते. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. हा तक्ता ज्या विचारांतून सिद्ध झाला, त्यांना पूर्णत्व यायला सुमारे अठराशे वर्षे लागली, हे मात्र त्यांना सहसा सांगितले जात नाही.

सांगितले जाते तेव्हाही ते दोन टोकांनी. एका बाजूला ग्रीकांवरून थेट न्यूटनवर उडी मारणारा इतिहास आहे. त्यात बसरा, बगदाद आणि काहिरा ही शहरे येतच नाहीत. दुसऱ्या बाजूला समाजातील व्याख्याने आणि पुस्तिका आहेत. त्यांत प्रकाशशास्त्रातील सर्व शोध इब्न अल-हैसम यांच्या नावावर जमा केले जातात आणि पुढच्या संशोधकांनी ते केवळ उचलले, असे सुचवले जाते. पहिला प्रकार अन्यायाचा आहे. दुसरा प्रकार इब्न अल-हैसम यांच्यावरही अन्याय करतो, कारण त्यांचा खरा प्रश्न कोणता होता आणि तो किती अवघड होता, हे त्यात झाकले जाते. अंतर्गोल आरशातील प्रतिमेच्या प्रश्नाचा टप्प्याटप्प्याने मागोवा घेऊन श्रेय कोणाचे व किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक आरसा, दोन शास्त्रे

अंतर्गोल आरसा दोन कामे करतो. सूर्यासमोर धरला तर किरण एकवटून कापूस किंवा लाकूड पेटवतो. चेहऱ्यासमोर धरला तर चेहऱ्याची प्रतिमा दाखवतो, जवळून मोठी व सुलट, दुरून लहान व उलट. आज ही दोन्ही कामे एकाच नियमाने समजावली जातात. प्राचीन आणि मध्ययुगीन अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी शास्त्रे होती. पहिले दाहक आरशांचे शास्त्र. अरबीत अशा आरशाला 'मिरआत मुहरिका' म्हणत. त्यात प्रश्न होता किरण कोठे एकत्र येतात हा. दुसरे दृष्टीचे शास्त्र, म्हणजे 'इल्म-ए-मनाझिर'. त्यात प्रश्न होता डोळ्याला वस्तू कोठे दिसते हा. दोन्ही शास्त्रांवर तेच विद्वान लिहीत होते, पण बहुतेक वेळा निरनिराळ्या ग्रंथांत. ही दोन शास्त्रे एकत्र कशी आली, हाच अंतर्गोल आरशाच्या इतिहासाचा गाभा आहे.

ग्रीक वारसा

युक्लिडच्या नावावर असलेल्या आरशांविषयीच्या ग्रंथाच्या शेवटी अंतर्गोल आरशाने अग्नी पेटतो, असे प्रमेय आहे. आरशाच्या केंद्रातून येणारा किरण आरशाला लंब असतो आणि त्याच वाटेने परततो, यावर तेथील युक्तिवाद बराचसा विसंबून आहे. त्यामुळे दाहाचे स्थान केंद्रापाशी असल्याचा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात ते स्थान केंद्र आणि आरसा यांच्या साधारण मध्यावर असते.

इसवी सनापूर्वी सुमारे २०० ते १९० या काळातील डायोक्लीसचे काम यापुढे बरेच जाते. अन्वस्ताच्या आकाराचा आरसा अक्षाला समांतर येणारे सर्व किरण एकाच बिंदूत आणतो, हे त्याने सिद्ध केले. त्याचा दाहक आरशांवरील मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला. उरला तो केवळ अरबी अनुवाद, आणि तो जी. जे. टूमर यांनी १९७६ साली इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. अन्वस्ताच्या नाभीची ही सर्वांत जुनी उपलब्ध सिद्धता एका अरबी हस्तलिखितामुळे जगाला मिळाली. अनुवादकाचे काम किती मोलाचे असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण भाषेच्या शिक्षकाला क्वचितच सापडेल.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने दृष्टीच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि त्यात अंतर्गोल आरशातील प्रतिमांची सविस्तर चर्चा केली. त्याचाही मूळ ग्रीक पाठ हरवला, अरबी अनुवादही हरवला. बाराव्या शतकात सिसिलीत अरबीवरून झालेले लॅटिन भाषांतर तेवढे हाती आहे. टॉलेमीच्या मते डोळ्यातून दृष्टिकिरण बाहेर पडतात, आरशावर आदळून वळतात आणि वस्तूला भिडतात. प्रतिमेचे स्थान ठरवण्यासाठी त्याने वापरलेला नियम पुढे दीड हजार वर्षे टिकला. वस्तूपासून आरशाच्या पृष्ठभागावर लंब टाकावा, डोळ्यापासून आरशाकडे जाणारा किरण पुढे वाढवावा, आणि दोन्ही रेषा जेथे छेदतील तेथे प्रतिमा मानावी, असा तो नियम. गोलीय आरशात हा लंब नेहमी गोलाच्या केंद्रातून जातो. सोयीसाठी याला येथे 'लंब नियम' म्हटले आहे.

अल-किंदी : पुराव्याचा आग्रह

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी दाहक आरशांवर लिहिले. त्यांच्यासमोर कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वास्तुरचनाकारांपैकी एक असलेल्या अँथेमियसचे लेखन होते. आर्किमिडीजने सिरॅक्यूजच्या वेढ्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी २१३ ते २१२ मध्ये, आरशांनी रोमन जहाजे जाळली, ही कथा अँथेमियसने खरी मानली होती आणि त्यासाठी अनेक सपाट आरशांची एक मांडणीही सुचवली होती. गणिताच्या अभ्यासकाने ऐकीव गोष्ट सिद्धतेशिवाय स्वीकारू नये, असा आक्षेप अल-किंदी यांनी घेतला आणि मांडणीतील उणिवा भूमितीने दाखवल्या.

हा आक्षेप आजच्या हिशेबानेही योग्य ठरतो. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे कोणताही अंतर्गोल आरसा सूर्यप्रकाश एका गणिती बिंदूत आणू शकत नाही. नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल तर तेजस्वी ठिपका सुमारे २ मिलिमीटर व्यासाचा पडतो. नाभीय अंतर ५० मीटर असेल तर तोच ठिपका जवळजवळ अर्धा मीटर होतो, आणि त्यात लाकूड पेटण्याइतकी उष्णता आणायची तर आरसाही प्रचंड लागतो. पॉलिबियस, लिव्ही आणि प्लुटार्क या वेढ्याच्या प्रमुख इतिहासकारांनी दाहक आरशांचा उल्लेखही केलेला नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो तेजस्वी ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. म्हणून तर त्याचा व्यास नाभीय अंतराच्या प्रमाणात वाढतो. दाह आणि प्रतिमा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, याचा पुरावा प्रत्येक दाहक आरशाच्या समोर पडत होता. पण तो तसा वाचला जायला अजून काही शतके जायची होती.

इब्न सहल : अंतरानुसार आकार

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बुवैही राजवटीच्या काळात, इब्न सहल यांनी इ.स. ९८४ च्या सुमारास दाहक साधनांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी प्रश्नांची वर्गवारी केली. प्रकाशाचा स्रोत फार दूर असेल आणि परावर्तनाने जाळायचे असेल तर अन्वस्ताकार आरसा हवा. स्रोत जवळ असेल तर लंबवर्तुळाकार आरसा हवा, कारण लंबवर्तुळाच्या एका नाभीतून निघालेले किरण परावर्तनानंतर दुसऱ्या नाभीत एकत्र येतात. अपवर्तनाने जाळायचे असेल तर अपास्ताच्या आकाराचे भिंग हवे. भिंगाच्या विवेचनात त्यांनी किरणांच्या वळण्याचे जे स्थिर गुणोत्तर वापरले, ते आजच्या अपवर्तन नियमाशी जुळते. इतिहासकार रोशदी राशेद यांनी विखुरलेली हस्तलिखिते जुळवून १९९० साली हे दाखवून दिले.

स्रोत जवळ असताना किरण कोठे एकत्र येतात, हा इब्न सहल यांचा प्रश्न म्हणजे प्रतिमेच्या प्रश्नाचे अर्धे अंगण होय. एका नाभीत दिवा ठेवला तर दुसऱ्या नाभीत दिव्याची प्रतिमा मिळते, असे आज म्हटले जाते. इब्न सहल यांच्या ग्रंथात मात्र विषय दाहाचा आहे, पाहण्याचा नाही.

इब्न अल-हैसम : दाहक आरशांवरील दोन प्रबंध

बसरा येथे इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि काहिरा येथे इ.स. १०४० च्या सुमारास निधन पावलेल्या इब्न अल-हैसम यांनी दाहक आरशांवर दोन स्वतंत्र प्रबंध लिहिले, एक अन्वस्ताकार आरशांवर, दुसरा गोलीय आरशांवर. गोलीय आरशावरील प्रबंध वर्गासाठी अधिक उपयोगी आहे, कारण पाठ्यपुस्तकात जे गृहीत धरले जाते तेच त्यात तपासले आहे.

पाठ्यपुस्तक सांगते की समांतर किरण परावर्तनानंतर नाभीतून जातात आणि नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते. इब्न अल-हैसम यांनी दाखवले की गोलीय आरशात हे सर्व किरणांना लागू होत नाही. अक्षापासून समान अंतरावर, म्हणजे आरशावरील एकाच वर्तुळावर पडणारे किरण अक्षावर एकाच बिंदूत मिळतात. पण वर्तुळ बदलले की बिंदू बदलतो. आरशाच्या कडेकडचे किरण मधल्या किरणांपेक्षा आरशाच्या अधिक जवळ अक्षाला मिळतात.

आजच्या आकड्यांत हे असे मांडता येते. आरशाची वक्रता त्रिज्या ४० सेंटिमीटर आहे असे समजू. अक्षाच्या अगदी जवळचे किरण आरशापासून २० सेंटिमीटरवर अक्षाला छेदतात. ज्या किरणांचा आपतन कोन १० अंश आहे ते सुमारे १९.७ सेंटिमीटरवर छेदतात, ३० अंशांचे सुमारे १६.९ सेंटिमीटरवर, आणि ६० अंशांचे तर थेट आरशाच्या मध्यबिंदूवरच येतात. म्हणजे 'नाभी' हा शब्द गोलीय आरशात केवळ अक्षालगतच्या किरणांपुरता खरा आहे. या दोषाला आज गोलीय विपथन म्हणतात. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दूरदर्शकाच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशात हाच दोष निघाला. कडेला आरसा ठरलेल्या आकारापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट घासला गेला होता. एवढ्याशा फरकाने प्रतिमा धूसर झाल्या, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केल्यावरच त्या स्पष्ट झाल्या.

किताब अल-मनाझिर : डोळा, आरसा आणि प्रतिमा

इब्न अल-हैसम यांचा मुख्य ग्रंथ 'किताब अल-मनाझिर' साधारण इ.स. १०११ ते १०२१ या काळात सात भागांत लिहिला गेला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात, हे मत त्यांनी सोडले. प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांनी सरळ रेषेत पसरतो आणि डोळ्यात शिरतो, अशी मांडणी त्यांनी केली. या एका पावलाने आरशाचा प्रश्नच बदलला. आता किरणाची दिशा वस्तूकडून आरशाकडे आणि आरशाकडून डोळ्याकडे अशी झाली.

ग्रंथाचे चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन भाग आरशांना वाहिलेले आहेत. चौथ्या भागात परावर्तनाचा नियम प्रयोगाने पडताळला आहे. सपाट, आणि गोलीय, दंडगोलीय व शंक्वाकार या प्रत्येकाचा आतून आणि बाहेरून चकचकीत केलेला, असे सात प्रकारचे आरसे एका मोजमाप केलेल्या उपकरणात बसवून त्यांनी दाखवले, की आपाती किरण, परावर्तित किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात आणि आपतन कोन व परावर्तन कोन समान असतात. वक्र आरशालाही हाच नियम लागू होतो, फक्त स्तंभिका बिंदूगणिक बदलते. ही गोष्ट आजही विद्यार्थ्याला आधी पटवावी लागते.

पाचव्या भागात प्रतिमेच्या स्थानाचा प्रश्न आहे. येथे इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीचा लंब नियम कायम ठेवला आणि त्याचे परिणाम कसोशीने तपासले. अंतर्गोल आरशात या नियमाने विचित्र उत्तरे येतात. वस्तू आणि डोळा यांच्या जागा बदलत गेल्यास प्रतिमा आरशामागे, आरशाच्या पृष्ठभागावर, आरसा आणि डोळा यांच्या मध्ये, डोळ्यावर, किंवा चक्क डोळ्याच्या मागे येते. डोळ्यामागची प्रतिमा डोळा कशी पाहणार? अशा स्थितीत प्रतिमा आपल्या जागी न दिसता आरशापाशी अस्पष्ट दिसते, हे प्रत्यक्ष अनुभवाशी जुळते. आजच्या भाषेत, एकत्र येऊ घातलेले किरण एकत्र येण्याआधीच डोळ्यात शिरतात, म्हणून दृश्य धूसर होते.

याच भागात जगभर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न आहे. गोलीय आरसा, वस्तूचा बिंदू आणि डोळ्याचा बिंदू दिले असता आरशावरील परावर्तनाचा बिंदू शोधायचा. सपाट आरशात हे सोपे आहे, गोलीय आरशात अत्यंत अवघड. इब्न अल-हैसम यांनी तो अपास्त आणि वर्तुळ यांच्या छेदनबिंदूंच्या साहाय्याने सोडवला आणि अंतर्गोल आरशात असे बिंदू जास्तीत जास्त चार असू शकतात, म्हणजे एकाच वस्तूच्या चारपर्यंत प्रतिमा दिसू शकतात, असे दाखवले. सतराव्या शतकात ह्युजेन्स यांनी या प्रश्नाला अधिक सुटसुटीत उत्तर दिले. केवळ पट्टी आणि कंपास वापरून तो सर्वसाधारणपणे सोडवता येत नाही, याची सिद्धता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. ऑक्सफर्डचे पीटर न्यूमन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली सिद्धता विशेष परिचित आहे.

दोन शास्त्रे एकत्र का आली नाहीत?

दाहक आरशांवर प्रबंध लिहिणारे आणि प्रतिमेवर एवढा सखोल ग्रंथ लिहिणारे विद्वान एकच. मग परावर्तित किरण जेथे एकत्र येतात तेथेच प्रतिमा तयार होते आणि ती पडद्यावर झेलता येते, ही कल्पना त्यांच्या विवेचनात का दिसत नाही?

याचे कारण दृष्टीच्या सिद्धांतातच आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून अगणित किरण डोळ्यावर पडतात, हे इब्न अल-हैसम यांनी मानले. पण मग डोळ्याच्या प्रत्येक भागावर सर्व बिंदूंचा प्रकाश पडून गोंधळ व्हायला हवा, तो का होत नाही? यावर त्यांचे उत्तर असे, की डोळ्याच्या पृष्ठभागाला लंब असलेला किरणच दृष्टीसाठी परिणामकारक ठरतो. म्हणजे प्रत्येक बिंदूमागे एकच किरण. या उत्तराने सपाट आरशाचे आणि थेट पाहण्याचे कोडे सुटले. पण दृष्टीच्या शास्त्रात एका बिंदूमागे एकच किरण हिशेबात राहिला आणि दाहाच्या शास्त्रात किरणांची मोळी. एका किरणाने प्रतिमेची जागा ठरत नाही. ती ठरायला किमान दोन किरणांचा छेद लागतो. लंब नियमातला लंब हा दुसरा किरण असल्यासारखा वापरला जात होता, पण तो किरण म्हणून नव्हे, नियम म्हणून.

गंमत अशी की अक्षालगतच्या किरणांपुरता लंब नियम बरोबर उत्तर देतो. वस्तूपासून केंद्रातून जाणारा किरण आरशाला लंब पडतो आणि त्याच वाटेने परततो. म्हणून ती रेषा खरोखरच एका किरणाची वाट असते. आजच्या किरणाकृतीत वक्रता केंद्रातून जाणारा जो किरण विद्यार्थी काढतात, तो म्हणजे टॉलेमीचा आणि इब्न अल-हैसम यांचा लंबच होय. जुना नियम टाकून दिला गेला नाही, त्याचा अर्थ बदलला.

अल-फारिसी आणि लॅटिन प्रवास

'किताब अल-मनाझिर'वर कमालुद्दीन अल-फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला 'तनकीह अल-मनाझिर' हे विस्तृत भाष्य लिहिले. पाण्याने भरलेला काचेचा गोल पावसाच्या थेंबाच्या जागी वापरून त्यांनी इंद्रधनुष्याचे स्पष्टीकरण केले. थेंबात शिरताना किरण वळतो, थेंबाच्या मागच्या आतल्या बाजूवर परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. थेंबाची ती आतली बाजू अंतर्गोल आरशाचे काम करते. जर्मनीत थिओडोरिक ऑफ फ्रायबर्ग यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असेच स्पष्टीकरण दिले.

दरम्यान मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये पोचला होता. अन्वस्ताकार दाहक आरशांवरील प्रबंध बाराव्या शतकात तोलेदो येथील अनुवादक जेरार्ड ऑफ क्रेमोना यांच्या हातून लॅटिनमध्ये आला. 'किताब अल-मनाझिर'चे भाषांतर इ.स. १२०० च्या सुमारास झाले. रॉजर बेकन आणि विटेलो यांनी त्याचा आधार घेतला, आणि १५७२ साली रिझनर यांनी ते बासेल येथे छापले.

सोळाव्या शतकात व्हेनिसमधील वैद्य व गणिती एत्तोरे औसोनियो यांनी अंतर्गोल गोलीय आरशावर एक आकृती व टिपण तयार केले. आरशासमोर वस्तू हलवताना ज्या बिंदूपाशी प्रतिमा सुलटची उलट होते तो 'उलटण्याचा बिंदू', आणि ज्या बिंदूपाशी कापूस पेटतो तो 'दाहाचा बिंदू', हे दोन्ही एकच असल्याचे त्यांनी नोंदवले. गॅलिलिओ यांनी या टिपणाची नक्कल करून घेतली होती. १६०२ साली ते छापले गेले. दोन शास्त्रांमधली भिंत येथे पहिल्यांदा ठळकपणे भेदली गेली. जाम्बातिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५८९ च्या ग्रंथात अंधाऱ्या खोलीत अंतर्गोल आरशाने प्रतिमा पाडण्याचे प्रयोग वर्णन केले.

निर्णायक पाऊल योहानस केप्लर यांनी १६०४ साली टाकले. त्यांचा ग्रंथ विटेलोला पुरवणी म्हणून लिहिलेला होता, म्हणजे अप्रत्यक्षपणे इब्न अल-हैसम यांनाच पुरवणी. लंब नियमाला स्वतंत्र आधार नाही, प्रतिमेचे स्थान डोळ्यात शिरणाऱ्या किरणांच्या दिशांवरून ठरते, असे त्यांनी दाखवले. लंब किरणाची निवड त्यांनी सोडली. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेली किरणांची संपूर्ण मोळी बाहुलीतून आत शिरते आणि डोळ्याच्या पडद्यावर पुन्हा एका बिंदूत एकवटते, असे त्यांनी मांडले. पडद्यावर प्रत्यक्ष पडणारे चित्र आणि केवळ दिसणारी प्रतिमा यांत त्यांनी फरक केला. आजचे 'वास्तव' आणि 'आभासी' हे शब्द याच फरकाचे वारस आहेत. लॅटिनमध्ये चूल असा अर्थ असलेला 'फोकस' हा शब्दही शंकुछेदांच्या संदर्भात केप्लर यांनीच रूढ केला. चुलीची स्मृती बाळगणाऱ्या या शब्दाला मराठीने 'नाभी' म्हटले, उर्दूने 'मासका'. आणि अंतर्गोल आरशासाठी उर्दूतील 'मुकअर आईना' यातला 'मुकअर' हा शब्द खोलगट या अर्थाने थेट त्या अरबी ग्रंथपरंपरेतून आला आहे.

तक्त्यातून यंत्रापर्यंत

केप्लर यांच्यानंतर तक्ता जुळवणे शक्य झाले. ४० सेंटिमीटर वक्रता त्रिज्येच्या त्याच आरशासमोर वस्तू ६० सेंटिमीटरवर ठेवली तर प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, उलट व निम्मी मिळते. ४० वर ठेवली तर ४० वरच, तेवढीच. ३० वर ठेवली तर ६० वर, दुप्पट. २० वर ठेवली तर परावर्तित किरण समांतर होतात. १० वर ठेवली तर किरण फाकतात आणि आरशामागे २० सेंटिमीटरवर सुलट, दुप्पट, आभासी प्रतिमा दिसते. तक्त्यातील स्थितींमागे एकच प्रश्न आहे : एका बिंदूपासून निघालेली मोळी परतताना एकवटते, समांतर होते की फाकते?

१६६३ साली जेम्स ग्रेगरी यांनी सुचवलेल्या दूरदर्शकात मुख्य आरसा अन्वस्ताकार आणि दुय्यम आरसा लंबवर्तुळाकार, दोन्ही अंतर्गोल होते. इब्न सहल यांनी दूरच्या आणि जवळच्या स्रोतासाठी नेमलेले दोन आकार येथे एका यंत्रात आले. ग्रेगरी यांनी इब्न सहल वाचले होते असे म्हणण्यास आधार नाही. भूमितीच दोघांना तेथे घेऊन गेली. १६६८ साली न्यूटन यांनी धातूच्या अंतर्गोल आरशाचा पहिला छोटा दूरदर्शक प्रत्यक्ष बनवला.

भारतातही या यंत्राचा इतिहास जवळचा आहे. पुण्यात १८८८ साली कावसजी दादाभाई नाएगमवाला यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा २० इंची परावर्ती दूरदर्शकासाठी ओळखली जाई. १९१२ साली ती बंद झाल्यावर तो दूरदर्शक कोडाईकनालला गेला. जुन्नर परिसरातील गिरवली येथे २००६ पासून आयुकाचा २ मीटर व्यासाचा आरसा असलेला दूरदर्शक आहे.

हैदराबादचे ऋण

या इतिहासात दख्खनचा वाटा दूरदर्शकांपुरता नाही. १८८८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने दुर्मिळ अरबी हस्तलिखिते संपादून छापण्याचे काम हाती घेतले. अल-फारिसी यांचे 'तनकीह अल-मनाझिर' तेथून हिजरी १३४७-४८ मध्ये, म्हणजे इ.स. १९२८ ते १९३० च्या दरम्यान, दोन खंडांत प्रसिद्ध झाले. हिजरी १३५७ मध्ये, म्हणजे १९३८ च्या सुमारास, इब्न अल-हैसम यांच्या प्रबंधांचा संग्रह निघाला. त्यात दाहक आरशांवरील दोन्ही प्रबंध आहेत. जगभरच्या संशोधकांनी ज्या आवृत्त्या वापरल्या त्या हैदराबादेत छापलेल्या आहेत. 'किताब अल-मनाझिर'च्या पहिल्या तीन भागांचे अब्दुलहमीद साबरा यांचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली आले. ग्रंथाच्या सहस्रकाचे औचित्य धरून संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात त्याचे स्मरण करण्यात आले.

ज्या शहराच्या मराठी आणि उर्दू भाषक शिक्षकांना हे ग्रंथ सर्वांत जवळ आहेत, त्यांच्या वर्गात त्यांचा उल्लेख क्वचित होतो. अरबी जाणणारा भौतिकशास्त्र टाळतो आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला अरबी येत नाही. दोन विभागांनी एकत्र बसून गोलीय आरशावरील छोटासा प्रबंध मराठीत व उर्दूत आणणे हे एका महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे.

वर्गासाठी

प्रयोगशाळेतील लहान आरशात गोलीय विपथन लक्षात येत नाही, कारण आरसा त्रिज्येच्या मानाने फार लहान असतो. पण स्टीलच्या पेल्यात थोडे दूध घेऊन तो तिरप्या उन्हात ठेवला, की दुधावर टोकदार, दुहेरी कमानीसारखी तेजस्वी रेषा उमटते. पेल्याच्या आतल्या गोल भिंतीवरून परतलेले किरण एका बिंदूत न मिळता त्या रेषेवर दाटतात. वर्तुळाकार आरशाला एकच नाभी नसते, ही गोलीय आरशाच्या प्रबंधातील मुख्य गोष्ट येथे डोळ्यांनी दिसते. मग मेणबत्ती आणि कागदाचा पडदा घेऊन प्रतिमा झेलावी आणि विचारावे, की ही प्रतिमा कोणी पाहत नसतानाही येथे आहे का? हा प्रश्न केप्लर यांचा आहे. डोळा पडद्याच्या जागी आणि त्याच्याही पुढे नेऊन काय दिसते ते पाहण्यास सांगावे. तो प्रश्न इब्न अल-हैसम यांचा आहे.

समारोप

अंतर्गोल आरशातील प्रतिमेचे आजचे स्पष्टीकरण इब्न अल-हैसम यांनी दिले नाही, आणि त्यांच्याशिवाय ते मिळालेही नसते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. डायोक्लीसचा अन्वस्त, टॉलेमीचा लंब, अल-किंदी यांचा पुराव्याचा आग्रह, इब्न सहल यांची आकारांची वर्गवारी, इब्न अल-हैसम यांचा प्रत्येक बिंदूपासून पसरणारा प्रकाश, औसोनियो यांचा एकच बिंदू आणि केप्लर यांची किरणांची मोळी, यांतील कोणताही दुवा काढला तर साखळी तुटते. ऐकीव गोष्ट सिद्धतेशिवाय स्वीकारू नये, हा अल-किंदी यांचा आक्षेप परक्यांच्या दंतकथांना लागू होतो तितकाच आपल्या अभिमानाच्या कथांनाही लागू होतो. तो पाळूनही या परंपरेच्या वाट्याला येणारे श्रेय कमी पडत नाही.